नेमण्णा, तू न पाळलेलं कुत्रं

नेमण्णा, माणसानं मरावं, त्याला माझी हरकत नाही. वय तुझंही झालं होतं, माझंही झालंय. पण जाताना अर्धवट भांडणं आणि कुठून तरी आलेलं एक कुत्रं दुसऱ्याच्या गळ्यात टाकून जाऊ नये, एवढा तरी विचार करायचास. जन्मभर मुंगीला वाट देऊन चाललास. शेजाऱ्याचा जीव तेवढा तुला कधी दिसला नाही.

हे लिहितोय तेव्हा तुझं कुत्रं माझ्या पायताणावर हनुवटी टेकून बसलंय. मधूनच एक डोळा उघडून माझ्याकडं असं बघतं, जसं काही तुला मीच कुठं तरी फडताळात लपवून ठेवलंय.

तू गेल्यापासून पेठेत जो तो तुझ्याबद्दल बोलतोय. धर्माला धरून चालणारा, मितभाषी, शांत गृहस्थ, असं परवा कोणी तरी माझ्या तोंडावर म्हणालं. मी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली. शांत! नंदगडाहून बदली होऊन मी निपाणीच्या मराठी शाळेत आलो, तुझ्या घरासमोरचं घर भाड्यानं घेतलं, आणि पहिल्याच संध्याकाळी तू कट्ट्यावरून ओरडून विचारलंस, "काय मास्तर, भातखाऊ मुलखातलं दिसतायसा. जोंधळ्याची भाकरी पचंल न्हवं?" मी म्हणालो, "भाकरी पचेल हो, तुमच्या वखारीतल्या तंबाखूनं शिंका आवरेनात त्याचं बघा." तिथून जो वाद सुरू झाला, तो तू मरेपर्यंत चालला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे आपल्याला कळलंही नाही.

वाद घालायला तरी तू सरळ माणूस होतास काय? तुमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तंबाखूचा व्यापार केला आणि एकानंही ती जिभेवर ठेवली नाही, याचा तुला केवढा अभिमान. मी म्हणायचो, "अरे, स्वतः खात नाहीस, आणि मुलखाच्या तोंडात घालतोस?" तू म्हणायचास, "मी इकतो. खा म्हणून सांगायला जात न्हाय." असल्या उत्तराचं माणसानं करायचं काय? लोणचं घालायचं?

कुत्र्याचंही तसंच. ते तू पाळलंस हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कबूल करायला तयार नव्हतास तो एकटा तूच. लढाईच्या दिवसांत कुठल्याशा खेड्यावरून तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, घेऊन गाडी आली, तिच्या मागून हे आलं. गाडी रिकामी होऊन परत गेली, हे राहिलं. तू कट्ट्यावरून "हाड!" केलंस. ते थोडं मागं सरलं आणि बसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "हाड!" पुन्हा तेच. असे काही दिवस गेले आणि एका सकाळी तू "हाड" म्हणालास, तर ते शेपूट हलवत धावत तुझ्याजवळ आलं. बिचाऱ्याला दुसरं कोणी काही म्हणतच नव्हतं. त्याला वाटलं, हेच आपलं नाव.

पुढं जी तऱ्हा झाली ती तुला सांगायला नको, पण सांगतो. गल्लीत कोणी कुठल्याही कुत्र्याला हाकललं, की हे हजर. आणि तुझ्या घरात, जिथं कांद्याला उंबरा ओलांडायची परवानगी नाही, तिथं तुझी सून पद्मा हातात भाकरी घेऊन दारातून हाक मारायची, "हाऽड, हाऽड!" एकदा तुमच्या बस्तीतले, म्हणजे जिनमंदिरातले पंडित ओसरीवर बसले होते. पद्मानं आतून तुला, सासऱ्याला विचारलं, "मामा, हाडाचं जेवण झालं काय?" पंडितांच्या हातातला दुधाचा पेला हिंदकळलेला मी समोरून पाहिला.

"नाव तरी बदल रे," मी म्हणालो.

"नाव ठिवायला ते काय पाळलंय व्हय मी?" तू म्हणालास. "जैनाच्या घरात कुत्रं पाळत न्हाईत. ते नुस्तं बसतंय. बसू दे."

"मग भाकरी का घालतोस?"

"भुकेल्या जीवाला घालू नगं?"

"रोज ह्यालाच का?"

"रोज ह्येच येतंय की."

कुत्र्याच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. गाय दूध देते, मांजर उंदीर धरतं, कुत्र्यानं राखण करावी. तुझं कुत्रं आयुष्यात एकदाच भुंकलं, तेही शाळा तपासायला आलेल्या साहेबांवर, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. तुला हे सांगितलं तर तू म्हणालास, "माणूस वळखतंय मग."

आणि त्याची ती भाकरी दिवस मावळायच्या आत. तू स्वतः दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नव्हतास, ते तुझं व्रत. पण पद्मा कुत्र्यालाही घरातल्या माणसांबरोबरच वाढून मोकळी व्हायची. दिवेलागणीनंतर त्याला पुन्हा भूक लागायची आणि ते रस्ता ओलांडून माझ्या दारात यायचं. रविवारी आमच्याकडं मटण. मी एखादं हाड टाकायचो. तू समोर कट्ट्यावर बसलेला. एकदा सगळं बघून घेतलंस, तोंड भिंतीकडं फिरवलंस आणि भिंतीलाच विचारलंस, "हाडाला हाड घाटलंस व्हय रं मास्तर?"

"घातलं. मोडलं त्याचं व्रत."

मला वाटलं, आता तू भडकशील. मी तयारीत होतो. तू म्हणालास, "व्रत माझं हाय. त्येचं त्येनं बगावं." आणि उठून आत गेलास. भांडायला कंबर कसून बसलेल्या माणसाला असं गार करणं, हे तुमच्या कुठल्या शास्त्रात बसतं?

मग तू त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलंस. वासराला बांधतात तसलं, लाल दोऱ्यात. मी कारण विचारलं. तू म्हणालास, "सोवळ्यात बस्तीला जातोय, आन् हे मधीच अंगाला लागतंय. परत अंघुळ. आवाज आला म्हंजे सरता येतंय." मला पटलं. रोज सकाळी अंघोळ करून, सोवळ्याचं धोतर नेसून तू निघायचास. पुढं ते छुमछुम करत, मागं हातभर अंतर राखून तू. गल्ली म्हणायची, शेटजी कुत्रं फिरवतायत. मी म्हणायचो, कुत्रं शेटजींना फिरवतंय. माझी ती थट्टा तंतोतंत खरी होती, हे मला बाजाराच्या दिवशी कळलं.

मी तपकीर घेऊन बाजारातून परत येत होतो. बघतो तर तू रस्त्याच्या मधोमध उभा. दोन्हीकडून बैलगाड्या, गाडीवान ओरडतोय, "ओ शेटजी, बाजूला व्हा की!" आणि तू हलत नाहीस. हात जरासे पुढं धरलेले, जसा काही वाऱ्याचा अंदाज घेतोयस. कुत्रं तुझ्या अगदी समोर उभं होतं, तोंड वर करून तुझ्याकडं बघत होतं. घुंगराचा दोरा तुटला होता. हाताच्या अंतरावर उभं असलेलं कुत्रं तुला दिसत नव्हतं.

"नेमण्णा!" मी हाक मारली. तू भलत्याच बाजूला वळून हसलास.

"कोण, मास्तर? काय न्हाय, जरा इचार करत हुतो."

"रस्त्याच्या मधोमध?"

"इचार काय जागा बगून येतोय व्हय?"

मी तुझा हात धरला. सबंध बाजारात हात लावून आलेला, तपकिरीनं बरबटलेला माझा हात, आणि तू सोवळ्यात. तू हात झटकला नाहीस. तेव्हा मला सगळं कळलं, आणि इतका राग आला नेमण्णा, की तिथंच तुला दोन शब्द सुनवावेसे वाटले. गाड्या थांबल्या होत्या म्हणून आधी तुला कडेला ओढलं.

घरी येऊन तुला कट्ट्यावर बसवलं आणि विचारलं, "ही बोटं किती?"

"चार."

मी हात पुढं केलाच नव्हता.

त्यानंतरचे कितीतरी महिने मी तुझ्याशी डोक्याचं दही होईपर्यंत बोललो. मोतीबिंदू आहे, मिरजेच्या दवाखान्यात काढतात, माणसं बघत बघत परत येतात. तुझा मुलगा बाळगोंडा हात जोडायचा, "आप्पा, चला की." तुझं एकच, "बेड, बेड." इकडं मराठीत बोलता बोलता तू नकार मात्र कानडीत द्यायचास, म्हणजे तो पक्का. वर मला प्रवचन. केस पिकतात, दात पडतात, डोळे जातात. म्हातारपण एकेक गोष्ट सोडायला शिकवतं. आपण धरून ठेवू नये. "तू मातर दात हालला की वैद्याकडं पळतोस, मास्तर. मिशीला कलप लावतोस. कुणाला फसवतोस?" मिशीचा इथं काय संबंध होता? मी म्हणालो, "एवढं सोडायला शिकलायस तर आधी हट्ट सोड." तू म्हणालास, "त्यो शेवटला."

आणि मग एका दुपारी, बाळगोंडा वखारीत, पद्मा आत जोंधळे निवडत बसलेली, कट्ट्यावर आपण दोघंच. कुत्रं पायाशी खाजवत होतं. मी काही विचारलं नव्हतं. तू आपणहून बोललास.

"माज्या आप्पांचं डोळं असंच गेल्तं. चिकोडीकडनं एक सुईवाला यायचा. त्येनं सुई घाटली. आप्पा वरडलं न्हाईत. मी त्येंचं पाय धरून बसलोतो, लहान हुतो. त्यानंतर ते लई वर्सं जगलं. माझं तोंड हातानं चाचपून वळखायचं. मी मोठा झालो, मिशी आली, तर म्हणालं, ह्यो कोण?"

मी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच मिटली. इतके महिने मी तुला शास्त्रार्थ सांगत होतो, आणि तुला नुसती भीती वाटत होती. ते आधी सांगितलं असतंस तर माझा घसा तरी वाचला असता.

"मी येतो," मी म्हणालो.

"कुटं?"

"मिरजेला. पाय धरायला."

तू धोतराचा सोगा उगीच सारखा केलास. मग म्हणालास, "रगात बगून तुला भवळ येतीया."

"येऊ दे. पडलो तर तिथं डॉक्टर आहेतच."

आपण गेलो तो प्रवास मी विसरणार नाही, आणि तू विसरू दिलाही नाहीस. पद्मानं भाकऱ्या, शेंगांची चटणी, पाणी गाळायचं फडकं, तांब्याचा तांब्या असं सगळं गाठोड्यात बांधून दिलं होतं. मिरजेची आगगाडी धरायला कोल्हापूरला जायचं, ती मोटार कोळशावर चालणारी, लढाईच्या दिवसांतली. ती इतकी सावकाश निघाली की कुत्रं आरामात बरोबर धावत होतं, घुंगरू वाजवत. उतारू बाहेर डोकं काढून बघायला लागले. कंडक्टरनं विचारलं, "ह्येचं तिकीट कोण काढणार?"

"ते आमचं न्हाय," तू खिडकीकडं न बघता म्हणालास.

गावाबाहेरच्या चढावर मोटार धापा टाकत थांबली आणि सगळ्यांना उतरवलं. तू माझं कोपर धरून चढ चढलास. कुत्रं तुझ्या धोतराला नाक लावून उभं राहिलं. तू त्याच्या दिशेनं अंदाजानं वाकलास आणि हळू आवाजात म्हणालास, "मनीगे होगु." घरी जा. ते वळलं आणि खरोखर निपाणीच्या वाटेला लागलं. ह्या कुत्र्याला कानडी कळतं, हे मला त्या दिवशी समजलं. इतकी वर्षं मी त्याला मराठीत शिव्या देत होतो.

दवाखान्यात मला आत सोडेनात. मी नर्सबाईंशी भांडलो. मी म्हणालो, ह्या माणसाला मी शब्द दिलाय. शेवटी डॉक्टर दारात आले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "उभे राहा. पण तोंडातून आवाज काढायचा नाही." मला हे सांगणारा पहिला माणूस. मी तुझे पाय धरले. गार होते. तू ओरडला नाहीस, पण एकदा तुझ्या पायाचा अंगठा माझ्या तळव्यात घट्ट रुतला. मी डोळे मिटून घेतले होते. मला भोवळ आली नाही, हे मी तुला शंभरदा सांगितलं आणि तू एकदाही विश्वास ठेवला नाहीस.

पुढं तुला पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवलं. हलायचं नाही, हसायचं नाही, शिंकायचं नाही. माझी तपकीर नर्सबाईंनी काढून घेतली. रोज दिवस कलायला लागला की तू विचारायचास, "मास्तर, ऊन हाय काय अजून?" आणि मी घाईघाईनं भाकरी दुधात कुस्करून तुला भरवायचो. माझ्या पोरांना मी कधी भरवलं नाही रे. उभ्या जन्मात भरवलं ते तुला, आणि तू दर घासाला म्हणायचास, "मीठ कमी."

पट्टी सोडली त्या सकाळी मी समोर स्टुलावर बसलो होतो. तू डोळा उघडलास, पाणी आलं, पुन्हा मिटलास, पुन्हा उघडलास. खूप वेळ माझ्याकडं बघत राहिलास. मला भरून आलं. वाटलं, आता हा माणूस जन्मात पहिल्यांदा काही तरी गोड बोलणार.

"मास्तर?"

"बोल."

"तू एवढा म्हातारा कवा झालास रं?"

सगळा वॉर्ड हसला. मी कलप लावलेली मिशी हातानं झाकली, ही गोष्ट तू निपाणीत परतल्यावर पहिल्या तासात सगळ्या गल्लीला सांगितलीस.

कुत्र्यालाही तू सोडलं नाहीस. ते तुझ्या अंगावर झेपावलं. तू त्याला दोन्ही हातांनी दूर धरून निरखलंस. फाटका कान, पाठीवरचे केस गेलेले, रंग धड तांबडा नाही की पिवळा नाही. "ह्ये?" तू म्हणालास. "ह्येच्या मागनं हिंडलो मी? मला वाटलं, दिसायला तरी बरं असंल." पण अंगाला लागलं म्हणून त्या दिवशी तू पुन्हा अंघोळ केली नाहीस. मी बघत होतो.

नजर परत आली आणि तू असह्य झालास, हे आज स्पष्ट सांगतो. माझ्या कोटावरचे तपकिरीचे डाग, आमच्या हिच्या, पार्वतीच्या रांगोळीतली वाकडी रेघ, पेठेतल्या पाट्यांवरच्या चुका, सगळं तुला दिसायला लागलं. पाटी चुकीची दिसली की मला हाक मारून दाखवायचास, जशी काही ती मीच रंगवली होती. पार्वती एकदा म्हणाली, "अवो, नेमण्णा भावजींस्नी कशाला नेलासा मिरजेला? अंधारात बरं हुतं की." हे बोलताना ती तुझ्यासाठीच थालीपीठ थापत होती, बिनकांद्याचं.

आणि मग ह्या दिवाळीनंतर तुला ताप आला.

साधा ताप म्हणून आम्ही सगळे हसत होतो. डॉक्टरनं बाटली दिली, दिवसातून तीनदा घ्यायचं औषध. शेवटचा घोट दिवेलागणीनंतरचा. बाळगोंडा मला बोलवायला आला. आत गेलो तर पद्मा चमचा घेऊन उभी आणि तू ओठ मिटून पडलेला.

मी तुला काय काय बोललो ते गल्लीनं ऐकलंय. औषध म्हणजे जेवण नव्हे. आजाऱ्याला सगळे नेम माफ असतात. तुझ्या महावीरांनी हे सांगितलेलं नाही. तू ऐकून घेतलंस, आणि मग म्हणालास, "मास्तर, नेम मोडायला कारण कवाबी चांगलंच असतंय."

 इतक्या वर्षांच्या वादात मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही असं क्वचित झालं, आणि झालं ते नेमकं त्या वेळी. मी रागानं पायताण घातलं. म्हणालो, "सकाळी येतो, मग तुला शास्त्र शिकवतो."

"ये," तू म्हणालास. "आन् ह्याला घिऊन जा. दिवस मावळलाय, हितं त्येला कोण घालणार? भुकं असंल."

"तुझं कुत्रं तू सांभाळ," मी म्हणालो आणि निघालो. ते माझ्या मागून आलं.

पद्मा सांगते, तू उगवतीला दिवस बघून औषध घेतलंस, अगदी शहाण्यासारखं. चूळ भरलीस. मग उशीवर डोकं ठेवलंस. मी काठी घेऊन घरातून बाहेर पडलो तेव्हा तुझ्या दारात माणसं जमायला लागली होती. डॉक्टर म्हणतात, एका घोटानं काही फरक पडला नसता. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक.

उत्तर मला रस्ता ओलांडतानाच सुचलं होतं. सकाळी तेच घेऊन येत होतो, आता इथं लिहितो. नेम मोडायला कारण नेहमी चांगलं असतं, कबूल. पण त्या संध्याकाळचं कारण चमचा धरून समोर उभं होतं, नेमण्णा. पद्मा चमचा खाली ठेवत नव्हती. बाळगोंडा दाराला टेकून पोरासारखा तुझ्याकडं बघत होता. पूर्वीचा तू असतास तर मी म्हणालो असतो, ह्याला काय दिसणार. पण त्या संध्याकाळी तुला दिसत होतं. डोळे आपण दोघांनी जाऊन आणले होते. सगळ्या गावाच्या चुका बघितल्यास त्या डोळ्यांनी, आणि एवढं एक बघून न बघितल्यासारखं केलंस. ह्याला तू काय म्हणाला असतास? काही तरी म्हणालाच असतास, आणि मी पुन्हा चिडलो असतो. ते ऐकायला मिळालं नाही, ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

एवढं लिहून थोडा वेळ थांबलो होतो. राग उतरला असं नाही, पण एक गोष्ट लिहायची राहिली. तू तुझे नेम कधी माझ्यावर लादले नाहीस. माझ्या ताटाकडं बघून तोंड फिरवलंस, पण माझ्याकडं पाठ कधी केली नाहीस. मी मात्र माझं शहाणपण रोज तुझ्या कट्ट्यावर आणून ओतलं. पाय मी तुझे धरले खरे, पण सहन कोण कोणाला करत होतं, हे मला आता नीटसं सांगता येत नाही.

कुत्र्याला बाळगोंडानं मळ्यावर नेऊन सोडलं. ते परत आलं. पुन्हा नेलं, पुन्हा आलं, आणि ह्या खेपेला थेट आमच्या उंबऱ्यावर. पार्वती म्हणाली, "ह्ये घरात नगं हां, आत्ताच सांगून ठिवते." संध्याकाळी तिनंच उंबऱ्याशी पोतं अंथरलेलं मी बघितलं. विचारलं तर म्हणाली, "गारठा हाय. त्येला काय कळतंय?"

परवा पद्मा आली. पदर डोक्यावर, हातात काही नाही. उभ्या उभ्याच बोलली.

"गुरुजी, मामा गेल्यापासनं घरात कोण मोठ्यानं बोलंना झालंय. हे वखारीतनं येत्यात, जेवत्यात, भिंतीकडं बगत बसत्यात. रडत न्हाईत, काय न्हाईत. तुमी येऊन बसा की कट्ट्यावर."

"बसून काय करू?"

"कायबी बोला. शिव्या घाला."

"कुणाला?"

"ह्यांस्नी घाला की."

काल संध्याकाळी गेलो. तुझी जागा सोडून बसलो. बाळगोंडा आला आणि जरा लांब टेकला.  रस्त्यानं तंबाखूची एक गाडी गेली, तिच्या चाकांचा आवाज पार कोपऱ्यावर विरेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो. शेवटी मी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणालो, "वखारीच्या दाराला हा निळा रंग कोणी दिला? डोळ्यांत खुपतोय."

"आप्पांनी सांगितल्याला."

"तुझ्या आप्पाला रंगातलं काय कळत होतं?"

त्यानं मान वर केली. मला वाटलं, उठून जातो आता. त्याचा जबडा हलला, आणि मग तो म्हणाला, "आन् तुमच्या शाळंला त्यो पिवळा दिल्यालाय, त्यो बरा हाय व्हय गुरुजी? हगवण लागल्यागत दिसतंय."

आत पद्माच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती की काय करत होती, मी वळून बघितलं नाही.

पोरगा अजून कच्चा आहे, नेमण्णा. आवाज चढवतो, मधेच अडखळतो, आणि मुद्दा अर्धा सोडून नाक पुसायला तोंड फिरवतो. पण उठताना म्हणाला, "उद्या यताय न्हवं?" जाणार आहे. त्या पिवळ्या रंगाची बाजू मला मांडायचीय.